आकाशी मोटारीची आंघोळ

मोटार आकाशी रंगाची करायची, हा हट्ट माझा. डॉक्टरांना ती काळीच हवी होती. माझे यजमान दारव्ह्याला दवाखाना चालवत. सगळं गाव त्यांना नुसतं डॉक्टर म्हणे, म्हणून मीही तेच म्हणायला लागले होते. साठ-एकसष्टचा सुमार असेल. एका कापूस व्यापाऱ्याकडून घेतलेली ती जुनी मोटार खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर धावून धावून खरूज झालेल्या जनावरासारखी दिसू लागली होती. जागोजागी रंग उडालेला, आतला पत्रा तांबारलेला. बाजाराच्या दिवशी आम्ही तिच्यातून उतरलो की लोक आधी तिच्याकडे बघत आणि मग जरा दयेनं आमच्याकडे.

"डॉक्टरच्या गाडीला काळाच रंग शोभतो," डॉक्टर म्हणाले.

"कुणाला शोभतो? आजाऱ्याच्या दारात काळी मोटार येऊन थांबली की घरच्यांचा अर्धा जीव तिथेच जात असेल," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं आणि मी जिंकले.

बसस्टँडच्या मागे चाचांचं गॅरेज होतं. चाचा हे गावातले जुने मिस्त्री. हात ग्रीसमध्ये बुडालेले, पण मिजास एखाद्या चित्रकाराची. मी माझी आकाशी साडी घेऊनच त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "हा रंग." चाचांनी पदराचं टोक दुरूनच उन्हात धरायला लावलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बाईसाहब, ये रंग डब्यात नै मिलता. बनाना पडेगा." पांढऱ्या रंगात निळा कालवत ते कितीतरी वेळ बसले. मध्येच उठून आभाळाकडे बघायचे, मग साडीकडे. जुना रंग खरवडायचा, पॉलिशकागदानं घासायचं, रंगाचा हात द्यायचा, वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं, असं सगळा मे महिना चाललं. डॉक्टर तेवढे दिवस सायकलवर फिरले आणि घामानं डबडबून घरी आले की माझ्याकडे बघून नुसते "आकाशी!" एवढंच म्हणायचे.

मोटार घरी आली तेव्हा शेजारपाजार गोळा झाला. अंगणातल्या कडुनिंबाखाली ती उभी राहिली आणि मला खरंच वाटलं की आभाळाचा एक तुकडा कुणीतरी कापून आमच्या दारात आणून ठेवलाय. कुणीतरी हात लावायला पुढे झालं तशी चाचांनी आरोळी ठोकली.

"हाथ नै! कोई हाथ नै लगायेगा! रंग अजून कच्चा आहे. ऊन लई होतं, वरून सुकला, आतून नै सुकला. पंधरा दिवस कपडा नै मारायचा. धूळ बसली तर बसू द्या. पुसाल तर पूरी गाडी पे लकीरां येतील, मग मले बोलू नका."

"आणि धुवायची असली तर?" मी विचारलं.

"पाणी सोडा वरून. खूप सोडा. पण हाथ नै."

आमच्या घरी त्या वेळी एक मुलगी राहत होती. दारव्ह्यापासून कोस-दीड कोसावर बंजाऱ्यांचा एक तांडा होता. तिथल्या नायकांची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांची, ही लेक. नायकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख हिंडलेले. नायक मात्र शेतीत पक्के रुतलेले. त्यांच्या बायकोच्या दुखण्यात डॉक्टरांची तांड्यावर जा-ये झाली, ओळख वाढली आणि एक दिवस ते लेकीला पेटीसकट आमच्या दारात घेऊन आले. "तांड्यावर चौथीच्या पुढं शाळा नाही. हिले शिकायचं हाय. तुमच्या घरी ठेवता का?" एवढंच बोलले. तेव्हापासून ती आमचीच झाली. मी भाजी चिरत तिचा भूगोल घ्यायची, ती कणीक मळत कविता म्हणायची. तिच्या तांड्यावर तोवर कुणी मॅट्रिकपर्यंत पोचलं नव्हतं, ना पोरगा ना पोरगी. त्या वर्षी ती बसली होती.

जूनच्या सुरुवातीला निकाल लागला. नागपूरच्या पेपरात नंबर आला, तो डॉक्टरांनी मोठ्यानं वाचला आणि ती पोरगी स्वयंपाकघरातून हातात लाटणं घेऊन धावत आली ती थेट अंगणात. तिला काय करावं ते सुचेना. हसत होती, रडत होती, कडुनिंबाभोवती फिरत होती. मी तिला मिठी मारली तेव्हा लाटणं माझ्या पाठीत लागलं, पण दुखलं म्हणायचंही भान कुणाला होतं?

दुपारपर्यंत तांड्यावर बातमी गेली आणि संध्याकाळी नायक आले. पांढरं मुंडासं, नवं धोतर. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग डॉक्टरांकडे वळले.

"डॉक्टरसाहेब, एक मागू का?"

"मागा की."

"पोरगी परवा तांड्यावर येऊन राह्यली. पायी नाही आणायची. तुमच्या निळ्या मोटारीत आणायची. सारा तांडा वाट पाहून राह्यला."

"आणू," डॉक्टर लगेच म्हणाले.

त्याच रात्री वावटळ सुटली. पाऊस नाही, नुसतं वारं आणि धूळ. सकाळी दार उघडून पाहिलं तर माझं आभाळ गायब! मोटारीवर काळ्या मातीचा थर, त्यावर कडुनिंबाच्या पिकलेल्या लिंबोळ्या पडून फुटलेल्या, त्यांचा चिकट गर ओघळलेला, आणि वर कावळ्यांनीही आपली भर घातलेली. पोरगी ओढणी घेऊन पुढे झाली.

"हात लावू नको!" मी अशी ओरडले की ती जागच्या जागी थिजली.

मग आमच्या खटपटी सुरू झाल्या. मी सूप आणून वारा घालून पाहिलं. धूळ उडाली ती माझ्याच नाकातोंडात. डॉक्टरांनी सायकलचा पंप आणला आणि दवाखान्यातले पेशंट ओट्यावर बसून बघत असताना बॉनेटवर हवा मारत बसले. एक लिंबोळी घरंगळली, तर पेशंटांनी "व्वा!" केलं. पोरीनं तांब्यानं पाणी ओतलं, त्यानं तर धुळीचा चिखल झाला आणि त्याचे ओघळ दारांवरून खाली आले. आता ती मोटार आधीपेक्षा वाईट दिसत होती. आमच्या विहिरीत जूनमध्ये बादली तळाला घासायची. तेवढ्या पाण्यात काय होणार?

चाचांना बोलावलं. त्यांनी मोटार पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"तांब्यानं कायले ओतलं, बेटी? थोडं पाणी टाकलं का धूळ चिपकते. एकदम खूप पाणी पाह्यजे. बरसात जैसा. वरून पडत राह्यलं पाह्यजे, थांबलं नै पाह्यजे, धूळ पाण्यासंगं निघून गेली पाह्यजे."

"एवढं पाणी या दिवसांत कुठून आणायचं?" डॉक्टर म्हणाले.

तेव्हा पोरगी एकदम उडीच मारून म्हणाली, "काकू, आमच्या विहिरीवर! बानं इंजिन बसवलंय ना!"

मला माहीत होतं, पण डोक्यात आलं नव्हतं. आसपास सगळीकडे अजून बैलांच्या मोटाच चालायच्या. नायकांच्या विहिरीला झरा चांगला, म्हणून त्या उन्हाळ्यात त्यांनी तेलाचं इंजिन आणि पंप बसवला होता. ते पाहायला लांबलांबून लोक येत. पण चाचांनी मान हलवली.

"पंपाची धार सीधी मारली तर रंगच निघून जाईन. लई जोर असतो."

"मग चाळणीतून सोडू," मी म्हणाले. महादेवाच्या पिंडीवर टांगलेल्या गळतीसारखं काहीतरी माझ्या डोळ्यांपुढे आलं होतं. "पत्र्याच्या पन्हाळीला खिळ्यानं भोकं पाडू. ती वर बांधायची, पंपाचं पाणी तिच्यात सोडायचं, ते खाली सरीसारखं पडेल."

चाचांनी बिडी विझवली. "पन्हाळी माझ्याकडं आहेत. गॅरेजच्या छपराच्या. काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. डॉक्टर गाडी चालवत होते, पुढे मी, मागे पोरगी आणि चाचा, त्यांच्या मांडीवर पत्र्याच्या पन्हाळी खडखडत होत्या. जाताना धूळ उडाली तर उडू दे म्हणून आम्ही बिनधास्त गेलो. विहिरीवर पोचलो तर तिथे जत्रा भरलेली. पोरंबाळं, बायका, म्हातारे, सगळे. बायकांच्या ओढण्यांवरच्या आरशांनी सकाळचं ऊन नुसतं उधळून लावलेलं. आमचा निरोप मिळताच नायकांनी बांबूंचा सांगाडा आदल्या संध्याकाळीच उभा करून ठेवला होता, मांडवासारखा. चाचांनी वर चढून पन्हाळी बांधल्या, खालून सगळी पोरं त्यांना सल्ले देत होती. मोटार मांडवाखाली आली. पाणी वाया जायला नको म्हणून तिच्या चाकांपासून थेट भाजीच्या वाफ्यांपर्यंत दांड खोदलेला होता.

आता इंजिन. नायकांच्या भावानं हँडल मारलं. फट्. पुन्हा मारलं. फट् फट्, आणि गप्प. पोरं हसली तसे नायक चिडले. चाचा पुढे झाले, कशावर तरी बोट दाबून धरलं आणि म्हणाले, "अब मारो." हँडल फिरलं, काळ्या धुराचा लोट निघाला आणि इंजिन टुक टुक टुक करायला लागलं. पट्टा फिरला, पंप फिरला. सगळ्यांनी माना वर करून पन्हाळीकडे पाहिलं.

पाणीच नाही.

"हवा धरली," नायकांचा भाऊ म्हणाला. "पंपात पाणी वता!"

बायकांनी घागरी आणल्या. एक ओतली, दुसरी ओतली, इंजिन टुकटुकतंय, पाइप गुरगुरतोय, आणि एकदम पाइपानं असा ढेकर दिला की जवळची बाई मागे पडली. पाणी आलं! गार, पांढरंशुभ्र, मांडीएवढ्या जाड धारेचं पाणी पन्हाळीत धडकलं, पन्हाळी थरथरल्या आणि शेकडो भोकांतून मोटारीवर सर कोसळायला लागली.

काय आरडाओरडा झाला! पोरं नाचायला लागली. नायकांची बायको, सगळे तिला याडी म्हणत, याडी म्हणजे आई, तिनं गाणं धरलं आणि बाकीच्यांनी ते उचललं. मोटारीच्या टपावरून पहिल्यांदा काळं पाणी उतरलं, मग कॉफीसारखं, मग चहासारखं. लिंबोळ्या एकेक करून फुगल्या, सुटल्या, घरंगळल्या. एक मात्र काचेखाली चिकटून बसली. सगळे तिच्याकडे बघत होते. "जा व माय, जा!" म्हणून एक म्हातारी तिला समजावत होती. चाचांचा हात आपोआप पुढे गेला तशी सगळी पोरं एका सुरात ओरडली, "हाथ नै!" चाचांनी हात असा मागे घेतला की सगळे खो खो हसले, तेही हसले. मी जाऊन पन्हाळ बांबूनं किंचित कलती केली, सर तिथे पडली आणि ती लिंबोळी निघाली. वर बघत होते म्हणून मी नखशिखांत भिजले. साडी, केस, कुंकू, सगळं. पण मला असला आनंद झाला होता की मी तशीच टाळ्या वाजवत उभी राहिले. थरामागून थर उतरत गेला आणि माझी आकाशी मोटार चिखलातून वर आली. दांडातलं वाफ्यांकडे धावणारं पाणी पिऊन वांगीसुद्धा खूष झाली असतील.

त्या गर्दीत एक माणूस घाबराघुबरा डॉक्टरांना शोधत आला. नाल्यापलीकडच्या वस्तीवर त्याची बायको अडली होती. पहाटेपासून कळा येत होत्या, मूल येत नव्हतं.

डॉक्टरांनी एका क्षणात बॅग उचलली. "मोटार जाईल का?"

"नाही जी. नाल्यात रेती हाय. दमणी आणली मी."

दमणी म्हणजे हलकी बैलगाडी. डॉक्टर तिच्यात चढले. माझं काळीज त्या अडलेल्या बाईकडे गेलं, आणि मग एकदम लक्षात आलं.

"अहो, मोटार? तांड्यावर कोण नेणार?"

"तू ने," ते म्हणाले.

"मी?"

"जिनिंगच्या पटांगणात चालवतेस ना? तशीच चालव. दुसऱ्या गिअरात सुरू करू नकोस, पहिल्यात कर." आणि दमणी निघाली.

मी उन्हाळ्यात, जिनिंगचा हंगाम संपल्यावर, तिथल्या मोकळ्या पटांगणात डॉक्टरांकडून मोटार शिकले होते, हे खरं. पण तिथे समोर फक्त सरकीचे ढीग असत. इथे समोर सगळा तांडा! इंजिन बंद झालं, सर थांबली, मोटारीवरून थेंब ठिबकत होते.

"आता पुसायची कशी?" कुणीतरी विचारलं.

"पुसायची नै," चाचा म्हणाले. "चलवायची. वारा पुसेल. बसा बाईसाहब."

"पण रस्त्यात पुन्हा धूळ बसेल ना?"

यावर याडी नुसती हसली आणि तिनं रस्त्याकडे बोट दाखवलं. मी बघतच राहिले. विहिरीपासून तांड्यापर्यंतची मुरमाची गाडीवाट ओली लालचुटूक दिसत होती. आम्ही इंजिनाशी झटत होतो तेव्हा आणि नंतरही, तांड्यातल्या बायकांनी घागरींनी वाटेवर सडा घातला होता. चिखल होऊ नये इतपत, धूळ उडू नये इतपत. अजून पुढे दोघी-तिघी घागरी रिकाम्या करत चाललेल्याच होत्या.

मी ओल्या साडीनिशी बसले. पोरगी माझ्या शेजारी. तिनं नवी कोरी फेटिया, म्हणजे त्यांचा घेरदार घागरा, घातला होता, हातभर बांगड्या, आणि मॅट्रिक पास झालेल्या त्या पोरीचे दात भीतीनं वाजत होते.

"काकू, तुम्हाला येतं ना नक्की?"

"येतं," मी म्हणाले. मोटारीनं एक उडी मारली, बंद पडली. मागे बसलेले चाचा "या अल्ला" म्हणाले. दुसऱ्यांदा सुरू केली, क्लच हळू सोडला आणि ती निघाली! हळूहळू, नव्या नवरीसारखी, पण निघाली. पुढे नगारा वाजत होता, दोन्ही बाजूंनी पोरं पळत होती, खिडकीतून येणारा वारा माझी साडी आणि मोटारीचे थेंब दोन्ही सुकवत होता. बॉनेटवरचे थेंब मागे मागे सरकत काचेवर यायचे आणि फुटायचे. मी मोठमोठ्यानं हसत होते. का हसत होते, ते मला आजही सांगता येणार नाही. मी पंचवीस वर्षांची होते, एक मोटार माझ्या हातात होती आणि रस्ता माझ्यासाठी शिंपलेला होता!

स्वागताच्या तयारीसाठी आधीच पुढे गेलेले नायक तांड्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी खिडकीपाशी येऊन लेकीकडे पाहिलं, मग स्टिअरिंगवर माझे हात पाहिले.

"डॉक्टर कुठं हायेत?"

"बाळंतीण अडली आहे, तिकडे गेले."

"मग तुमीच आणली?" ते इतक्या जोरात म्हणाले की नगारा थांबला. आणि मग मागे वळून सगळ्यांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. बायकांच्या घोळक्यातून एक आरोळी उठली. पोरगी माझ्या कानात म्हणाली, "बा म्हणतो, एक नाही, दोन पास झाल्या."

तिला ओवाळलं, मला ओवाळलं, चाचांना टिळा लावायचा की नाही यावर थोडी गडबड झाली तर चाचांनीच कपाळ पुढे केलं. मोटारीला मात्र कुणी टिळा लावला नाही. हळदीकुंकवाचं बोट तिच्यापर्यंत जायचं आणि थांबायचं. शेवटी याडीनं चाकाच्या टायरला कुंकू लावलं. "याले तर चालते ना?" चाचा म्हणाले, "चालते."

जेवणं झाली, नाच झाले. ऊन कलल्यावर आम्ही परत निघालो. पोरगी तिथेच राहिली. नाल्यापाशी डॉक्टर उभे होते, सदरा मळलेला, बाह्या दुमडलेल्या, चेहरा थकलेला. मी मोटार थांबवली. या वेळी बंद न पाडता.

"काय झालं?" मी विचारलं.

"मुलगी. आडवी होती, फिरवावी लागली. दोघी छान आहेत." मग त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली. कुठेही रेघ नव्हती. संध्याकाळचं आभाळ टपात दिसत होतं. ते सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूला आले, दार उघडलं आणि मी आत बसलेली बघून थबकले.

"तुम्ही तिकडून बसा," मी म्हणाले.

ते वळसा घालून आले आणि माझ्या शेजारी बसले. मागून चाचांनी सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली, पन्हाळीची, इंजिनाच्या ढेकराची, हट्टी लिंबोळीची, आणि डॉक्टर पोट धरून हसत होते.

त्या वर्षी पोरगी यवतमाळला मास्तरणीच्या शिक्षणाला गेली आणि पुढे तिच्याच तांड्यावर शाळेत रुजू झाली. मी मात्र त्या संध्याकाळी फाटकातून मोटार आत घेताना खांबाला घासली नाही, याचाच मला तेव्हा सगळ्यात जास्त अभिमान वाटला.